मागच्या दाराचा ओटा

९ जानेवारी

ही वही औषधांची. पहिली अकरा पानं नागपूरच्या दवाखान्यात भरली: किती वाजता कोणती गोळी, ताप किती, झोप लागली की नाही. आज डॉक्टरांनी नवा एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "हाड जुळलं. आता चालवा त्यांना." नोव्हेंबरात बायकोच्या, म्हणजे गिरजाच्या, खुब्यात सळई घातली होती. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, नक्की ना? तिसऱ्या वेळी गिरजाच म्हणाली, "अजी, ते काय खोटं बोलून राह्यले का?"

येताना भिवापूरला गाडी थांबवून मी दोन कप चहा प्यायलो. दोन महिन्यांत चहाला चव अशी आजच लागली. नागभीड येईपर्यंत मी ड्रायव्हरशी इतकं बोललो, की गिरजाने डोळे मिटून घेतले.

गोळ्या संपल्या, पानं उरली. छत्तीस वर्षं सागवानाच्या डेपोत मोजणीबाबू होतो. कोरं पान दिसलं की माझा हात शिवशिवतो. म्हणून लिहितो.

पडली कशी, तेही लिहून ठेवलेलं बरं. मागच्या दाराला तीन पायऱ्या. वरच्या पायरीची फरशी हलली. पावसाळ्यात खालची माती वाहून गेली असणार. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

१२ जानेवारी

वॉकर घेऊन गिरजा समोरच्या पडवीपर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली. शेजारची शकुबाई भेटायला आली होती, तिने टाळ्या वाजवल्या.

मग मी म्हटलं, चल, मागे सांदवाडीत जाऊन पाहू. सांदवाडी म्हणजे आमच्या घरामागचा तीस बाय चाळीसचा तुकडा. गिरजाचा अर्धा जन्म तिथे गेला. वांगी, भेदरं म्हणजे टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, वालाचा मांडव, सगळं तिच्या हातचं. मागच्या दारापर्यंत ती आली आणि उंबऱ्याशी थांबली. "नाई. पाय ऐकत नाई." समोर ऐकतो तो पाय मागे का ऐकत नाही, हे मला कळलं नाही.

शकुबाईने विचारलं, "पायरी हालत होती का जी?" मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं: पाऊस किती झाला, माती कशी वाहते, फरशी वरून कशी पक्की दिसते. गिरजा म्हणाली, "जाऊ द्या न त्या दगडाचं." आणि आत जाऊन निजली. थकली असेल.

पायऱ्या मी डिसेंबरातच उखडून टाकल्या. आता दारासमोर अडीच फुटांचा खड्डा आहे. मनात एक कल्पना आली आहे. पायऱ्याच नकोत. दाराच्या पातळीला लाकडी ओटा करायचा, बारा बाय दहा, आणि टोकाला मातीपर्यंत हलका उतार. घरातून निघावं आणि सपाट चालत जावं. ती पुन्हा सांदवाडीत गेली की मी सुटलो.

१९ जानेवारी

माधवी आली. आमची मुलगी गडचिरोलीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी ते मला शिकवते. मी ओट्याचं चित्र काढून ठेवलं होतं, मापांसकट. ती म्हणाली, "बाबा, याला डेक म्हणतात." शकुबाई म्हणाली, "मले तं हा स्टेज वाटते. नाटक ठेवून राह्यले का भाऊ?" झाडीपट्टीत या दिवसांत गावोगावी नाटकं असतात, तिचा काही दोष नाही.

लाकडावरून बापलेकीत जुंपली. मी म्हटलं, सागवान. डेपोतून, रीतसर, पावतीचं. ते जंगल लावलेलं असतं, आराखड्याप्रमाणे तोडलेलं असतं, चोरी नाही काही. माधवी म्हणाली, "चोरी नाही, कबूल. पण साठ वर्षांचं झाड आईच्या खुर्चीखाली कायले? दुसरं काही चालत असेल तर?" मी म्हटलं, रेल्वेचे जुने स्लीपर घेऊ. छोटी लाईन उखडली तेव्हाचे बरेच लोकांकडे पडलेत. ती म्हणाली, "त्यांना डांबराचं तेल पाजलेलं असतं बाबा. पावसात ते वांग्यांच्या मुळाशी जाईल. ते वांगं तुम्ही खाणार?" मुलगी जास्त शिकवली की असं होतं.

तिचं म्हणणं बांबू. मी हसलो. बांबू म्हणजे गवत. मी जन्मभर लाकूड मोजलं, आता म्हातारपणी गवत मोजू?

इतका वेळ गिरजा खाटेवरून ऐकत होती. तिने मध्येच विचारलं, "सागवानाले उधई लागत नाई, हो न?"

तिने या विषयात कधी नव्हे ते लक्ष घातलं, मला बरं वाटलं. मी तिला सांगितलं, सागवानात तेल असतं, त्यामुळे वाळवी, म्हणजे तुझी उधई, तोंड लावत नाही. आतलं सोनेरी लाकूड कसं, बाहेरचा पांढरा भाग कसा, सगळं सांगितलं. दहा मिनिटं तरी बोललो असेन. ती म्हणाली, "बरं." आणि भिंतीकडे तोंड केलं.

२८ जानेवारी

नागपूरहून एक विक्रेता आला. टाय लावलेला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या विकतो. "शंभर टक्के पर्यावरणपूरक, काका." मी न विचारता त्याने सांगितलं की रंग उडत नाही. मी न विचारता त्यानेच सांगितलं की उन्हात वाकत नाही. चोराच्या मनात चांदणं! विचारलेलं नसताना माणूस खुलासे द्यायला लागला, की समजावं पाणी मुरतं आहे.

त्याचा नमुना मी करवतीने कापला. लाकूड कापलं की वास येतो. सागाचा वेगळा, ऐनाचा वेगळा. याला पाण्याच्या बाटलीचा वास आला. माधवीला फोन केला. ती म्हणाली, "वीस वर्षांनी तुटेल तेव्हा कुठे टाकणार, ते विचारा." विचारलं. तो म्हणाला, "काका, वीस वर्षांनंतरचं कोण पाहतंय?"

त्याला चहा दिला आणि वाटेला लावला.

२ फेब्रुवारी

अर्धा प्रश्न सुटला. शकुबाईला घरकुल मंजूर झालं, तिचं जुनं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर उतरवताहेत. छपराचे सागवानी फाटे अंगणात पडले होते, धूर खाऊन काळे झालेले. सरपणात जाणार होते. मी एकावर रंधा मारला तर आत सोनं. साठ-सत्तर वर्षांचं लाकूड, एक भोक नाही. मी तिला म्हटलं, मला दे. ती म्हणाली, "ने न भाऊ, मंग माह्या पोराच्या लग्नात स्टेज भाड्यानं देजो."

सांगाडा जुन्या फाट्यांचा, वरची बिछायत बांबूची. नवं झाड एकही नाही. माधवी खूश. सागवान आहेच म्हणून मीही खूश.

इस्तारीला बोलावलं. तो ढीवर आहे. बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरतो, आणि धानाच्या बांध्यांत राखणीची मचाणं सगळ्या पंचक्रोशीत त्याच्याच हातची. मी त्याला पहिल्यांदा हेच सांगितलं की एकाही फाट्याचं टोक मातीला टेकता कामा नये. खाली दगड, दगडावर फाटा. दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर तो म्हणाला, "बाबूजी, उधईचं तुमाले लय भेव दिसते."

भीती कसली? काळजी.

५ फेब्रुवारी

टेम्पो करून धानोऱ्याकडे येरंडीटोल्याला गेलो. माधवीच्या ओळखीचं गाव. तिथल्या जंगलावर ग्रामसभेचा हक्क आहे, बांबू गावच तोडतं, गावच विकतं आणि वाहतुकीचा पासही गावच देतं. पासांचं बुक घेऊन बसली होती सुकरीबाई, ग्रामसभेची अध्यक्ष, पन्नाशीची गोंड बाई. मी आयुष्यभर ज्या पासांवर शिक्के मारले तसल्या पासावर तिने मला सही करायला लावली. वर म्हणाली, "साफ लिवा." मी साफ लिहिलं.

मग रांजी पाहायला गेलो. रांजी म्हणजे बांबूचं बेट. इथे इस्तारीचा आणि माझा वाद झाला. मी निवडले ते बांबू असे होते की पाहत राहावं: सरळ, गुळगुळीत, हिरवेगार, एक डाग नाही. इस्तारी म्हणाला, "हे नोका घेऊ बाबूजी. हे लेकरं हायेत, यंदाचे. ते घ्या, तिकडचे." तिकडचे म्हणजे मळकट, पांढरे ठिपके पडलेले, बुडाशी शेवाळ. मी म्हटलं, छत्तीस वर्षं मी माल पारखला. डाग पडला की प्रत उतरते. तो पुढे म्हणाला, "आनं आता उजेडाचा पाख हाय. पुनव होऊ द्या. अंधाऱ्या पाखात तोडला का त्याले घुन लागत नाई. मंग वीस-पंचवीस दिवस बोडीत बुडवून ठेवू."

गिरजा घरात बसून आहे आणि मी चंद्र उतरण्याची वाट पाहू? मी म्हटलं, हेच हवेत, आजच हवेत. इस्तारीने कोयता काढला. सुकरीबाईने पासावर बांबूंच्या संख्येपुढे कसलीशी फुली मारली.

२० फेब्रुवारी

ओटा झाला! बांबू चिरून काढलेल्या हिरवट पिवळ्या कामट्या सांगाड्यावर अशा बसल्या आहेत की नजर लागावी. गोट्या टाकून पाहिल्या, एकही घरंगळली नाही. दोन्ही बाजूंना कठडा, टोकाला उतार. इस्तारीच्या हाताला तोड नाही, फक्त तोंडाने कुरकुर्‍या आहे.

गिरजाला हाताला धरून दारापर्यंत आणलं. तिने ओटा नीट पाहिला. कठड्याला हात लावला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "एवढं कायले केलं तुमी?" आणि मागे फिरली.

शकुबाई मात्र तीनदा चढली-उतरली.

२१ फेब्रुवारी

आली नाही.

१ मार्च

आली नाही. मागच्या खिडकीशी बसते, तिथून मला हुकूम सोडते: वांग्याले पाणी जास्त झालं, वालाचा वेल बांधा. डोळा सगळा सांदवाडीत आणि पाय घरात. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणते पाय उत्तम आहे. मग काय? माझ्यावर राग आहे का? राग असेल तर का असेल?

१२ मार्च

दुपारी गिरजाने खिडकीतून हाक मारली. "अजी, तुमचा ओटा कुरकुरून राह्यला."

मी म्हटलं, वारा असेल. ती म्हणाली, "वारा नोहे. काहीतरी खाऊन राह्यलं."

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. खाली वाकून पाहिलं. कामट्यांखाली पिवळं पीठ पडलं होतं, जात्याखाली पडतं तसं. एका कामटीला बोट लावलं तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, मोजता येणार नाहीत इतकी. कान लावला. आत बारीक कुरकुर चालली होती.

इस्तारीला बोलावलं. त्याने पीठ चिमटीत घेऊन फुंकलं. मी वाट पाहत होतो की म्हणेल, मी सांगितलं होतं. तो म्हणाला, "फाटे चांगले हायेत. वरचंच काढावं लागते." म्हणाला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

कोवळ्या बांबूत साखर असते म्हणे, घुण तिच्यासाठी येतो. माधवीला फोनवर विचारलं तेव्हा तिने सांगितलं. तिला ते पुस्तकातून माहीत, इस्तारीला बापाकडून. मी दोघांच्या मध्ये, डेपोचा शहाणा. डेपोत डाग म्हणजे खोट. बांबूत डाग म्हणजे वय, आणि वय म्हणजेच बळ. जन्मभर ज्या पारखीवर मिशा पिळल्या, तिनेच तोंडघशी पाडलं.

१३ मार्च

लिहूनच टाकतो. या वहीत पहिल्याच दिवशी खोटं लिहिलं आहे.

माती वाहून गेली नव्हती. पोळ्याच्या सुमाराला गिरजा आठ दिवस माधवीकडे गेली होती, तेव्हा वरची फरशी माझ्याच पायाखाली हलली. गवंड्याला निरोप द्यायचा, तर मी सागवानाचा एक तुकडा घेतला, पाचर केली आणि फरशीखाली ठोकली. फरशी गच्च बसली. मी स्वतःवर खूश झालो. सागवान आहे, मी नसेन तेव्हाही राहील.

तो तुकडा पांढऱ्या भागाचा होता. झाडाचा बाहेरचा, कच्चा भाग. त्याला वाळवी लागते हे डेपोतला हमालसुद्धा सांगेल. मला माहीत होतं. हाताशी तोच होता म्हणून तोच घेतला. ती दवाखान्यात असताना कपडे न्यायला घरी आलो आणि फरशी उचलून पाहिली, तर पाचरीची माती झालेली. मी ती उरलीसुरली चुलीत घातली आणि सगळ्यांना पावसाचं सांगितलं. डॉक्टरांना, माधवीला, शकुबाईला. गिरजालाही.

तिचा पाय माझ्या आळसाने मोडला. हे तिला सांगायला हवं. दोनदा तिच्या खाटेशी जाऊन बसलो आणि दोनदा विचारलं, पाणी देऊ का? तिने दोन्ही वेळा प्यायलं.

१९ मार्च

पुन्हा येरंडीटोला. पौर्णिमा होऊन गेली, अंधारा पंधरवडा लागला आहे. या खेपेला मी टेम्पोतून उतरलो आणि इस्तारीच्या मागे हात बांधून चाललो. त्याने तीन-तीन वर्षांचे, ठिपक्यांचे, मळके बांबू काढले. कोयत्याची मूठ आपटून प्रत्येकाचा आवाज ऐकत होता. मला म्हणाला, "तुमी पा वाजवून." मी वाजवला. कोवळा बद्द वाजतो, जून टणटण. पासष्टाव्या वर्षी शिकलो.

सुकरीबाईने नवा पास फाडला. मी विचारलं, मागच्या वेळी ती फुली कसली? "फुली? हे मानूस वापस येईल, म्हनून." मग तिने मला मोहफुलं उकडून दिली. मी मुकाट्याने खाल्ली. गोड होती.

बांबू इस्तारीच्या बोडीत बुडवले, वर दगड ठेवले. मासे त्याचेच, म्हणून चारच बांबू एका जागी, जास्त ठेवले तर पाणी नासतं म्हणाला. मी कारण विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण वाद घातला नाही.

१४ एप्रिल

जयंती. गिरजा पांढरं लुगडं नेसून, वॉकरशिवाय, काठीवर विहारापर्यंत गेली आणि वंदनेला उभी राहिली. सगळ्या बाया भोवती जमल्या. मी लांबून पाहत होतो. इतकं बरं वाटलं की शेजारच्या अनोळखी माणसाला बुंदीचा द्रोण दिला, माझाच.

घरी येऊन ती मागच्या खिडकीशी बसली. दाराकडे गेली नाही.

२० एप्रिल

ओटा दुसऱ्यांदा झाला. बांबू बोडीतून निघाले तेव्हा त्यांना असा वास होता की शकुबाईने नाकाला पदर लावला. सावलीत वाळवल्यावर गेला. दिसायला पहिल्यासारखा देखणा नाही, राखट तपकिरी आहे. मी खाली पांढरं कापड अंथरून ठेवलं, पीठ पडतं का पाहायला. काही पडलं नाही.

इस्तारीने सगळ्या ओट्यावर उड्या मारल्या. मग म्हणाला, "आता बाईले बोलवा." मी म्हटलं, ती नाही येत. तो म्हणाला, "तुमी बोलवलं का? हात धरून ओढनं येगळं आनं बोलवनं येगळं."

याला मचाणांशिवाय आणखी काय काय कळतं कोण जाणे.

२२ एप्रिल

आज सांगितलं.

संध्याकाळी साडेसहाला ऊन उतरलं. गिरजा खिडकीशी, मी बाहेर ओट्यावर. मध्ये गज. समोरासमोर बसलो असतो तर आजही पाणीच विचारलं असतं. मी सांदवाडीकडे तोंड करून बोललो. पाचरीचं सांगितलं. पांढऱ्या भागाचं सांगितलं. चुलीत जाळलं ते सांगितलं. पावसाचं खोटं सांगितलं ते सांगितलं. म्हटलं, तुझा पाय मी मोडला, गिरजा.

मला वाटलं उठून गेली. वळून पाहिलं तर गजांना धरून बसली होती.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"काय मालूम होतं?"

"पाचर. दिवाईच्या आधी झाडून राह्यली होती, तवा दिसली. उधई लागली होती तिले. मातीचा थर चढला होता. मनात म्हटलं, हे माधवीच्या बाबाचंच काम हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? मी म्हटलं असतं उधई लागली, तं तुमी म्हटलं असतं, सागवानाले उधई लागत नाई. दोन घंटे सागवान आयकावं लागलं असतं. त्यापक्षा मी वरची पायरी सोडून खालच्या पायरीवर पाय देत होती. पंधरा दिवस दिला. त्या दिवशी चुलीवरचं दूध उतू जाऊन राह्यलं होतं, भुलली."

मला जानेवारीतला तो प्रश्न आठवला. तिने विचारलं होतं, आणि मी दहा मिनिटं सागवान सांगितलं होतं.

मग तिचा आवाज फुटला. "माह्या एका शब्दाचं काम होतं. नाई बोलली. पोरीनं दीड महिना रजा काढली, तुमी दवाखान्याच्या फरशीवर निजले, वाळून अर्धे झाले. आनं वरतून तुमी माह्यासाठी ओटा बांधून राह्यले, एक खेप नाई, दोन खेपा. कोनत्या तोंडानं येऊ मी त्याच्यावर? मले वाटे, मी पाय ठेवीन आनं तुमी माह्याकडे पाहान, तं मले सांगावंच लागन."

पाच महिने. ती आत चोर, मी बाहेर चोर. आणि मी टायवाल्या विक्रेत्याला हसत होतो.

हसू आधी तिला आलं. तोंडावर पदर घेतला, पण खांदे हलत होते. मग मलाही आलं. शकुबाईने कुंपणावरून डोकावून विचारलं, "काय झालं जी?" आम्हा दोघांनाही सांगता येईना. मी इतका हसलो की छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, ओलं पोतं खाली ठेवल्यावर पाठ मोकळी होते तसं. रडलोही असेन थोडा. चष्मा पुसावा लागला हे नक्की.

मी उठून दाराशी गेलो आणि हात पुढे केला नाही. म्हटलं, "गिरजाबाई, येता का? वालाच्या शेंगा वेलावरच वाळल्या, बी धरायचं का नाही ते तुम्हीच सांगा."

"गिरजाबाई म्हनाले कायले लागले आता?" ती म्हणाली. पण आली. काठी टेकत उंबरा ओलांडला, ओट्यावर पाय ठेवला, दुसरा ठेवला. कठड्याला न धरता टोकापर्यंत गेली आणि उतारावरून खाली मातीत. चप्पल वर काढून ठेवली होती. बोटांनी माती उकरून म्हणाली, "किती कोरडी ठेवली! रोज पानी देतो म्हने."

रोज देत होतो. वाद घातला नाही. आज काहीही म्हणो.

२८ एप्रिल

ओट्यावर माझ्यासाठी जागा उरलेली नाही. सकाळी वालाचं बी वाळत घातलं होतं, दुपारी शकुबाईच्या शेवया, आता दोघी बसून चिंच फोडताहेत. इस्तारी मासे द्यायला आला तोही तिथेच टेकला. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून हे लिहितो आहे. माधवी शनिवारी येते, तिला आम्ही दोघं मिळून सगळं सांगणार आहोत. कोणी सुरुवात करायची यावर सकाळपासून वाद चालू आहे. मजेत चालू आहे.

मघाशी गिरजा चिंच फोडता फोडता म्हणाली, "अजी, उताराच्या तोंडाशी एक कामटी वाजून राह्यली."

माझ्या तोंडाशी आलं होतं की आठ दिवसांपूर्वीच पाहिल्यात सगळ्या, मीही आणि इस्तारीनेही उड्या मारून. तसंच गिळलं. उठलो, चष्मा लावला, गुडघ्यावर बसलो आणि एकेका कामटीवर तळहात दाबत गेलो.

वाजत होती.